व्हीबी ६ चं सॉफ्टवेअर रजिस्टर न करता चालवायचं असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. बाजार समितीतल्या अडत्यांसाठी लिहिलेलं व्हीबी ६ (व्हिज्युअल बेसिक ६) चं सॉफ्टवेअर. एक एक्झी (मुख्य प्रोग्राम), स्वतः लिहिलेला एक डीएलएल (प्रोग्रामने वापरायच्या कोडची फाइल) आणि मायक्रोसॉफ्टचे तीन ओसीएक्स (फॉर्मवर बसवायचे तयार कंट्रोल): याद्या आणि टूलबारसाठी एमएसकॉमसीटीएल, हिशोबपट्टीच्या तक्त्यासाठी फ्लेक्सग्रिड आणि वजनकाट्याच्या केबलसाठी एमएसकॉम३२. नव्या ग्राहकाकडे ऍडमिनचा पासवर्ड मिळत नाही, म्हणून या फाइली विंडोजच्या रजिस्ट्रीत (मशीनवरच्या नोंदवहीत) नोंदवणारा रेगसर्व्ह३२ चालवता येत नाही. त्याऐवजी त्याच नोंदी असलेली मॅनिफेस्ट फाइल लिहून पाहिली. स्वतःच्या मशीनवर सगळं चालतं. ग्राहकाकडे आधी ‘साइड-बाय-साइड कॉन्फिगरेशन’ चुकल्याचा संदेश आला. फाइलमध्ये थोडं इकडचं तिकडे केल्यावर तो गेला आणि त्याच्या जागी रनटाइम एरर ४२९ आला. शिवाय ग्राहकाचे मराठी फॉन्ट बसवायचे कसे, हाही प्रश्न आहे.

आधी हे सांगतो की तुम्ही पुढे सरकला आहात, मागे नाही. पहिला एरर म्हणजे विंडोजला तुमची फाइल वाचताच आली नाही. दुसरा म्हणजे फाइल वाचली, पण हवा तो क्लास तिच्यात सापडला नाही. दोन्हींची औषधं वेगळी आहेत. खरी गडबड मात्र तुमच्या या वाक्यात आहे: ‘माझ्या मशीनवर चालतं.’ तुमच्या मशीनवर ते मॅनिफेस्टमुळे चालतच नाहीये. ते रजिस्ट्रीच्या जिवावर चालतंय.

हे नीट कळायला रेगसर्व्ह३२ नेमकं करतो काय ते पाहावं लागेल. तो डीएलएल उघडतो आणि त्यातलं ‘डीएलएल-रजिस्टर-सर्व्हर’ नावाचं एक फंक्शन बोलावतो, एवढंच. ते फंक्शन रजिस्ट्रीत काही ओळी लिहितं: या सीएलएसआयडीचा (ओळख क्रमांकाचा) क्लास अमुक फोल्डरमधल्या तमुक फाइलमध्ये आहे, त्याचं थ्रेडिंग मॉडेल हे, त्याचं बोलण्यातलं नाव म्हणजे प्रोगआयडी हा, टाइप लायब्ररी, म्हणजे क्लासचं वर्णन, ही. तुमच्या कोडमध्ये ‘न्यू’ किंवा ‘क्रिएटऑब्जेक्ट’ आलं की विंडोज त्या ओळी शोधतो, फाइल कुठे आहे ते कळतं, फाइल मेमरीत येते. या ओळी साऱ्या मशीनसाठीच्या भागात लिहायच्या असतात, म्हणून ऍडमिन लागतो. शिवाय त्या सगळ्यांच्या सामायिक असल्यामुळे दुसऱ्या कुणी त्याच ओसीएक्सची जुनी प्रत रजिस्टर केली की तुमचं सॉफ्टवेअर बसतं. नव्वदच्या दशकात ज्याला ‘डीएलएल हेल’ म्हणायचे ते हेच.

विंडोज एक्सपीमध्ये, २००१ साली, मायक्रोसॉफ्टने दुसरी वाट काढली. त्याच ओळी रजिस्ट्रीऐवजी एका एक्सएमएल फाइलमध्ये लिहून एक्झीच्या शेजारी ठेवायच्या. एक्झी सुरू होताना विंडोज ती फाइल वाचून त्या प्रोसेसपुरता एक तक्ता मनाशी धरतो. त्याला ऍक्टिव्हेशन कॉन्टेक्स्ट म्हणतात. पुढे कुठलाही क्लास हवा असला की आधी हा तक्ता पाहिला जातो. तिथे नाव नसेल तर नेहमीप्रमाणे रजिस्ट्री.

हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. तक्त्यात नाव नसेल तर रजिस्ट्री. तुमच्या मशीनवर व्हीबी ६ आहे, सगळे ओसीएक्स रजिस्टर आहेत आणि तुमचा डीएलएल तर दर वेळी कंपाइल करताना व्हीबी स्वतःच रजिस्टर करून टाकतो. मॅनिफेस्टमध्ये तुम्ही चारही सीएलएसआयडी चुकीचे लिहिलेत तरी तिथे काहीही बिघडणार नाही. म्हणून या कामात डेव्हलपरच्या मशीनवरच्या चाचणीला मी शून्य गुण देतो.

मग चाचणी कुठे घ्यायची? विंडोज १० किंवा ११ ची प्रो आवृत्ती असेल तर ‘विंडोज सँडबॉक्स’ चालू करून घ्या. २०१९ च्या १९०३ अपडेटपासून ते विंडोजसोबत येतं, फक्त बायोसमधलं व्हर्च्युअलायझेशन चालू असावं लागतं. होम आवृत्तीत ते नाही. तिथे एखादं फुकट व्हर्च्युअल मशीन घ्या. सँडबॉक्स दर वेळी कोरं करकरीत विंडोज देतं आणि बंद केलं की सगळं विसरून जातं. फोल्डर कॉपी करून आत पेस्ट करा, एक्झीवर डबलक्लिक करा. इथे चाललं तर ग्राहकाकडे चालण्याची आशा धरायला हरकत नाही. एक मात्र लक्षात ठेवा, सँडबॉक्समधला यूजर ऍडमिन असतो. परवानग्यांची चाचणी साध्या यूजरच्या खात्यावर वेगळी घ्यावी लागते. ती टाळल्याची शिक्षा मी भोगली आहे, ती हकीकत पुढे येते.

आता फाइल. पहिल्यांदाच करताय तर प्रत्येक ओसीएक्ससाठी वेगळं मॅनिफेस्ट करण्याच्या फंदात पडू नका. एक्झीच्या एकाच मॅनिफेस्टमध्ये सगळं लिहिता येतं. तुमच्या एक्झीचं नाव ‘अडत’ असेल तर फाइलचं नाव अडत, टिंब, ईएक्सई, टिंब, मॅनिफेस्ट. मधलं ‘ईएक्सई’ गाळायचं नाही. नोटपॅडने गुपचूप शेवटी ‘टीएक्सटी’ चिकटवलेलं नाही ना, हे एक्सप्लोररमध्ये एक्स्टेन्शन दाखवायला लावून बघा. हसू नका, निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करा. वर्णनाच्या जागी दुकानाचं नाव मराठीत लिहून फाइल एएनएसआयमध्ये (जुन्या, युनिकोड नसलेल्या पद्धतीने) जतन केली की अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं उरतात. नावात ‘आणि’च्या अर्थाचं इंग्रजी चिन्ह असेल, ‘पाटील अँड सन्स’सारखं, तर ते एक्सएमएलमध्ये तसंच चालत नाही. एक्सएमएल मोडतं, आणि मग येतो तोच साइड-बाय-साइडचा संदेश.

टॅगची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय. फाइलमध्ये ती अर्थातच इंग्रजीत आणि लहान-मोठ्या अक्षरांसकट जशीच्या तशी हवीत. ‘कॉमक्लास’मधला ‘क्ल’ मोठ्या अक्षराने सुरू होतो. तो लहान केला तर विंडोजच्या लेखी तो टॅगच नव्हे.

सगळ्यात वर ‘असेंब्ली’ टॅग, मॅनिफेस्ट-व्हर्जन १.०. त्याच्या पोटात ‘असेंब्लीआयडेंटिटी’: टाइप विन३२, नाव तुमच्या मर्जीचं, व्हर्जन चार आकड्यांचं आणि प्रोसेसर-आर्किटेक्चर एक्स८६. चार आकडे म्हणजे चारच, १.०.०.० असे. नुसतं १.० लिहिलंत तर फाइल नापास. आणि मशीन ६४ बिटचं आहे म्हणून एएमडी६४ लिहू नका. व्हीबी ६ ची एक्झी कुठल्याही मशीनवर ३२ बिटचीच असते.

त्यानंतर प्रत्येक डीएलएल-ओसीएक्ससाठी एक ‘फाइल’ टॅग, त्यात फाइलचं नाव. फाइल टॅगच्या पोटात दोन प्रकारच्या ओळी येतात. ‘टाइपलिब’: टाइप लायब्ररीचा आयडी, तिची आवृत्ती आणि हेल्पडिर. हेल्पडिर रिकामा ठेवला तरी चालतो, पण लिहावा लागतोच. आणि ‘कॉमक्लास’: सीएलएसआयडी, टीएलबीआयडी (टाइप लायब्ररीचा आयडी), प्रोगआयडी, थ्रेडिंग मॉडेल. व्हीबीत केलेल्या आणि व्हीबीसाठी केलेल्या घटकांचं थ्रेडिंग मॉडेल जवळपास नेहमी ‘अपार्टमेंट’ असतं. फाइलमध्ये जितके क्लास वापरताय तितक्या कॉमक्लासच्या ओळी. एमएसकॉमसीटीएलमध्ये ट्री-व्ह्यू, लिस्ट-व्ह्यू, टूलबार, इमेजलिस्ट, स्टेटसबार असे अनेक आहेत. फॉर्मवर ट्री-व्ह्यू आहे, त्याची ओळ आहे, पण त्याला जोडलेल्या इमेजलिस्टची ओळ राहिली, असं हमखास होतं.

टाइपलिबची ओळ लोक बिनकामाची समजून गाळतात. तसं करू नका. सी++ मध्ये एटीएल (मायक्रोसॉफ्टची एक लायब्ररी) वापरून केलेले घटक आपलं स्वतःचं वर्णन टाइप लायब्ररी शोधून मिळवतात. ती सापडली नाही तर ऑब्जेक्ट तयार होतो, पण पहिलाच मेथड-कॉल फसतो. अशा वेळी माणूस आपल्या कोडमध्ये चूक शोधत बसतो.

ओसीएक्सच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लागते, आणि ती चटकन सापडत नाही: ‘मिस्क-स्टेटस’. कंट्रोलने फॉर्मवर कसं वागायचं याच्या खुणा त्यात असतात. रजिस्ट्रीत त्या एका आकड्यात कोंबलेल्या असतात. बहुतेक दिसणाऱ्या कंट्रोलच्या नोंदीत मिस्क-स्टेटसखाली १ या कीमध्ये १३१४७३ हा आकडा दिसेल. मॅनिफेस्टमध्ये तो आकडा चालत नाही, त्याची फोड करून नावं लिहावी लागतात. १३१४७३ म्हणजे १३१०७२ अधिक २५६ अधिक १२८ अधिक १६ अधिक १. त्याच क्रमाने नावं सेट-क्लायंट-साइट-फर्स्ट, ऍक्टिव्हेट-व्हेन-व्हिजिबल, इनसाइड-आउट, कान्ट-लिंक-इनसाइड आणि रिकंपोझ-ऑन-रिसाइझ. सगळी लहान अक्षरांत, मध्ये स्वल्पविराम देऊन. रजिस्ट्रीत ती १ या उपकीखाली होती म्हणून मॅनिफेस्टमध्येही ‘मिस्क-स्टेटस-कंटेंट’ या गुणधर्मात जातात. एमएसकॉम३२ सारख्या, चालताना फॉर्मवर न दिसणाऱ्या कंट्रोलचा आकडा वेगळा असतो. तुमच्या मशीनवरच्या रजिस्ट्रीत बघा आणि तशीच फोड करा.

हे सगळे आयडी आणायचे कुठून? ते ज्या मशीनवर रजिस्टर आहेत तिथल्या रजिस्ट्रीतून, हातानं. व्हिज्युअल स्टुडिओसोबत येणारं एमटी नावाचं साधन टाइप लायब्ररीवरून मॅनिफेस्ट बनवून देतं खरं, पण टाइप लायब्ररीत थ्रेडिंग मॉडेल आणि प्रोगआयडी लिहिलेलेच नसतात, तर ते तरी कुठून देणार? व्हीबी ६ वाल्यांमध्ये ‘मेक माय मॅनिफेस्ट’ हे साधन चांगलं रुळलेलं आहे. ते तुमची प्रोजेक्ट फाइल वाचून सगळं एकत्र करून देतं. वापरा जरूर, पण आधी एकदा हातानं लिहा. साधनाने बनवलेली फाइल बिघडली की ती वाचता येणारा माणूस लागतो, आणि तो तुम्हीच असणार.

आता तुमचा ४२९. याचं अर्थरूप ‘क्लास रजिस्टर नाही’, आतला क्रमांक ८००४०१५४. तीन ओसीएक्सचे आयडी मायक्रोसॉफ्टने ठरवलेले आहेत, तुमच्या कंपाइल करण्याने ते बदलत नाहीत. त्यामुळे माझा संशय तुमच्या स्वतःच्या डीएलएलवर आहे. व्हीबी ६ मध्ये प्रोजेक्ट प्रॉपर्टीज उघडा, कंपोनंट टॅबवर जा. तिथे ‘नो कंपॅटिबिलिटी’ निवडलेलं असेल तर तुम्ही दर वेळी कंपाइल केलंत की व्हीबी सगळ्या क्लासना नवे आयडी देतो. मॅनिफेस्टमध्ये गेल्या मंगळवारचे आयडी, डीएलएलमध्ये आजचे. तुमच्या मशीनवर व्हीबीनेच नवे आयडी रजिस्टर केलेत, म्हणून तिथे पत्ताही लागत नाही. उपाय असा: एकदा नीट कंपाइल केलेला डीएलएल वेगळ्या फोल्डरमध्ये बाजूला ठेवा, ‘बायनरी कंपॅटिबिलिटी’ निवडून त्या प्रतीकडे बोट दाखवा, आणि मगच मॅनिफेस्ट लिहा. त्या प्रतीवर पुन्हा कंपाइल करू नका. पुढे क्लासचा इंटरफेस बदलायची वेळ आलीच तर व्हीबी इशारा देतो. तो इशारा ‘ओके’ म्हणून पुढे ढकलण्याची सवय असेल तर ती मोडा.

पहिल्या एररकडे, म्हणजे साइड-बाय-साइडकडे, वळतो. याचा क्रमांक १४००१. एक्सपीत याचाच संदेश ‘ऍप्लिकेशन पुन्हा इन्स्टॉल करा’ असा निरर्थक सल्ला द्यायचा. व्हिस्टापासून बरे दिवस आले: एसएक्सएस-ट्रेस नावाचा प्रोग्राम विंडोजसोबतच येतो. कमांड प्रॉम्प्ट ऍडमिन म्हणून उघडा (सँडबॉक्समध्ये तुम्हीच ऍडमिन, तिथेच करा), ट्रेस सुरू करा, एक्झी चालवून तो एरर येऊ द्या, ट्रेस थांबवा, मग त्याच प्रोग्रामच्या ‘पार्स’ने त्याची वाचता येईल अशी टेक्स्ट फाइल करा. विंडोजने कुठे कुठे शोधलं आणि कुठल्या ओळीवर अडखळलं ते त्यात ओळ क्रमांकासकट असतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्येही ‘साइडबायसाइड’ या नावाने नोंद पडते, पण ती तोकडी असते.

पण मग हा एरर तुमच्या मशीनवर का आला नाही? फाइल तर तीच होती. याची दोन कारणं मी पुन्हा पुन्हा पाहिली आहेत.

पहिलं असं की व्हिस्टापासून विंडोज एक्झीचा ऍक्टिव्हेशन कॉन्टेक्स्ट लक्षात ठेवतो. एक्झी एकदा मॅनिफेस्टशिवाय चालवलीत, मग शेजारी मॅनिफेस्ट ठेवलंत, तर विंडोज म्हणतो, ही एक्झी मला माहीत आहे, हिला मॅनिफेस्ट नाही. तुम्ही फाइलमध्ये दिवसभर दुरुस्त्या करत बसता आणि ती वाचलीच जात नाही. ग्राहकाच्या मशीनने ती पहिल्यांदाच पाहिली, म्हणून तिथे खरी चूक उघडी पडली. एक्झीची तारीख-वेळ बदलली की हे सुटतं. पुन्हा कंपाइल करा, किंवा कॉपी कमांडला स्लॅश-बी देऊन पुढे एक्झीचं नाव, त्याला चिकटून अधिकचं चिन्ह आणि दोन स्वल्पविराम असं लिहा. फाइलवर फक्त नवी वेळ चढते. मी मॅनिफेस्टवर काम करताना ही ओळ एका बॅच फाइलमध्ये घालून ठेवतो आणि दर बदलानंतर ती चालवतो.

दुसरं कारण, एक्झीच्या पोटात आधीच एक मॅनिफेस्ट असणं. बटणं नव्या ढंगाची दिसावीत म्हणून कधीतरी कुणीतरी कॉमन कंट्रोल्स ६ चं मॅनिफेस्ट रिसोर्स फाइलमधून एक्झीत घातलेलं असतं आणि तो माणूस नोकरी सोडून गेलेला असतो. एक्सपीत बाहेरची फाइल वरचढ ठरायची. विंडोज सर्व्हर २००३ पासून उलट झालं: पोटातलं मॅनिफेस्ट असेल तर शेजारची फाइल बघितलीच जात नाही. तुमच्या बाबतीत ग्राहकाकडे फाइल वाचली गेली, म्हणजे हे कारण नसावं, पण एकदा तपासून घ्या. शेवटी सगळं जमलं की मॅनिफेस्ट पोटात घालणंच बरं, म्हणजे ग्राहकाने एक्झी एकटी उचलून दुसरीकडे नेली तरी सोबत जातं. रिसोर्सचा प्रकार २४, क्रमांक १. व्हीबीच्या रिसोर्स फाइलची एक खोड आहे: मॅनिफेस्टच्या मजकुराची लांबी चारने भागली जाणारी लागते. शेवटी एक-दोन-तीन रिकाम्या जागा टाकून ती भरून काढायची.

१४००१ चा आणखी एक चोरटा उगम असतो. कधी तुमचं मॅनिफेस्ट निर्दोष असतं, पण सोबतचा एखादा तिसऱ्याच कंपनीचा डीएलएल व्हिज्युअल सी++ २००५ किंवा २००८ मध्ये केलेला असतो. त्या दोन आवृत्त्यांची रनटाइम लायब्ररी स्वतःच साइड-बाय-साइड पद्धतीने बसवावी लागते, आणि त्या डीएलएलच्या पोटातलं मॅनिफेस्ट ती मागतं. २०१० च्या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने हा प्रकार बंद केला. एसएक्सएस-ट्रेसमध्ये ‘व्हीसी८०’ किंवा ‘व्हीसी९०’ असं काही दिसलं तर रोग तिथे आहे.

आणि पुढे कधी प्रत्येक घटकाला वेगळं मॅनिफेस्ट करायचं ठरवलंत तर असेंब्लीचं नाव डीएलएलच्या नावासारखं ठेवू नका. ‘हिशोब’ नावाची असेंब्ली मागितली की विंडोज एक्झीच्या फोल्डरमध्ये आधी ‘हिशोब’ नावाचा डीएलएल शोधतो आणि मॅनिफेस्ट त्याच्या पोटात असेल असं धरून चालतो. ते तिथे नसतं, आणि शेजारची मॅनिफेस्ट फाइल समोर असून वाया जाते. असेंब्लीच्या नावाला शेवटी टिंब-एक्स लावायची पद्धत याचसाठी पडली आहे.

आता ती हकीकत. काही वर्षांपूर्वी एका अडत्याच्या जुन्या सॉफ्टवेअरला मी असंच मॅनिफेस्ट लावून दिलं. सोबत, चांगलं म्हणून, ‘ट्रस्ट-इन्फो’चा भाग घातला: ऍज-इनव्होकर, म्हणजे चालवणाऱ्याच्या हक्कांवर चालेल, ऍडमिन मागणार नाही. सँडबॉक्स तेव्हा नव्हतं, व्हर्च्युअल मशीनवर ऍडमिन खात्यातून तपासलं, ठीक होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन. “साहेब, तीन वर्षांच्या पट्ट्या गेल्या.” लिलाव सुरू व्हायला तासभर होता.

काहीच गेलं नव्हतं. सॉफ्टवेअर प्रोग्राम फाइल्समध्ये बसवलेलं होतं आणि ऍक्सेसची एमडीबी, म्हणजे डेटाबेसची, फाइलही तिथेच. साध्या यूजरला तिथे लिहायची परवानगी नाही. पण व्हिस्टापासून विंडोज जुन्या ३२ बिट प्रोग्रामवर दया दाखवतो: त्यांनी तिथे लिहायला घेतलं की फाइलची प्रत यूजरच्या ऍपडेटामध्ये ‘व्हर्च्युअलस्टोअर’ नावाच्या फोल्डरात करतो आणि पुढचं सगळं लिहिणं-वाचणं तिकडे वळवतो. प्रोग्रामला पत्ता लागत नाही. तीन वर्षं खऱ्या पट्ट्या तिथे साठत होत्या. मी मॅनिफेस्टमध्ये हक्कांची ओळ घातली, तिचा विंडोजने घेतलेला अर्थ असा की हा प्रोग्राम नव्या जमान्याचा आहे, याला दया नको. वळवणं बंद. सॉफ्टवेअरने प्रोग्राम फाइल्समधली, बसवल्या दिवशीची जवळजवळ रिकामी एमडीबी उघडली, तीही फक्त वाचण्यापुरती.

फाइल शोधून योग्य जागी आणायला दहा मिनिटं लागली, त्या दुकानात माझी पत परत यायला एक हंगाम. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: आधी डेटा प्रोग्राम फाइल्समधून बाहेर काढायचा, व्हर्च्युअलस्टोअरमध्ये काही आहे का ते बघून ते सोबत घ्यायचं, कोडमधला ‘ऍप-डॉट-पाथ’वर (एक्झीच्या फोल्डरवर) विसंबलेला मार्ग बदलायचा, आणि मगच ट्रस्ट-इन्फोला हात लावायचा. तुमचे नवे ग्राहक असतील तर सॉफ्टवेअर यूजरच्याच फोल्डरमध्ये ठेवा. रजिस्ट्रेशन नको म्हटल्यावर प्रोग्राम फाइल्समध्ये ठेवायचं कारणही फारसं उरत नाही.

कुठे ही पद्धत चालत नाही तेही माहीत असू द्या. ती फक्त तुमच्या प्रोसेसमध्ये लोड होणाऱ्या डीएलएल-ओसीएक्सपुरती आहे (अशा घटकांच्या पद्धतीला कॉम म्हणतात). स्वतंत्र एक्झी म्हणून चालणारे ऍक्टिव्हएक्स सर्व्हर, कॉम-प्लस, दुसऱ्या मशीनवरचे डीकॉम घटक, एक्सप्लोररच्या राइट-क्लिकमध्ये बसणारे घटक, यांना रजिस्ट्रीच लागते. तुम्ही पट्टी एक्सेलला पाठवत असाल तर ‘एक्सेल-ऍप्लिकेशन’ तयार होणं पूर्वीसारखं रजिस्ट्रीतूनच होईल आणि ते बरोबरच आहे. मॅनिफेस्टमध्ये एक्सेल घालायला जाऊ नका. एडीओलाही (डेटाबेसशी बोलणाऱ्या घटकालाही) हात लावू नका, ते विंडोजचंच अंग आहे. व्हीबीचं रनटाइम, एमएसव्हीबीव्हीएम६०, विंडोज ११ पर्यंत सोबतच येतं, त्याचीही काळजी नको. क्रिस्टल रिपोर्ट्सच्या जुन्या आवृत्त्या मात्र इतक्या फाइलींचं गाठोडं असतात की मी त्या वाटेला जात नाही. तिथे सरळ ऍडमिनची परवानगी मागतो.

एक्सेलच्या आतल्या मॅक्रोतून तुमचा डीएलएल वापरायचा असेल तर प्रोसेस एक्सेलची असते, तुमचं मॅनिफेस्ट तिथे कोण वाचणार? त्यासाठी विंडोजमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट-विंडोज-ॲक्टसीटीएक्स’ नावाचा एक ऑब्जेक्ट आहे. तो तयार करायचा, त्याला मॅनिफेस्टचा मार्ग द्यायचा आणि त्याच्याच क्रिएटऑब्जेक्टने आपला क्लास मागायचा. स्क्रिप्टमधूनही चालतो. डॉटनेटमध्ये लिहिलेले घटकही अशा रीतीने वापरता येतात, पण तिथे कॉमक्लासऐवजी ‘सीएलआर-क्लास’ लागतो. डॉटनेट कोर ३ पासून प्रोजेक्ट फाइलमध्ये ‘एनेबल-रेग-फ्री-कॉम’ खरं केलं की मॅनिफेस्ट आपोआप बनतं. व्हीबीवाल्यांना हे सुख नाही.

या पद्धतीची एक किंमत आहे, ती ग्राहकाला आधी सांगा. ओसीएक्सची प्रत आता तुमच्या फोल्डरमध्ये आहे, म्हणजे तिची निगा तुमच्या गळ्यात. एप्रिल २०१२ मध्ये एमएसकॉमसीटीएलमधलं सुरक्षेचं मोठं भगदाड मायक्रोसॉफ्टने बुजवलं, एमएस१२-०२७ या बुलेटिनने. ते अपडेट विंडोजच्या सिस्टीम फोल्डरमधली प्रत सुधारतं. तुमच्या फोल्डरात पडलेली १९९८ ची प्रत तशीच राहते. म्हणून जुन्या सीडीवरची फाइल देऊ नका, अद्ययावत प्रत द्या. पुढच्या प्रतींमध्ये टाइप लायब्ररीची आवृत्तीही पुढे सरकली आहे. म्हणून टाइपलिबच्या ओळीतली आवृत्ती तुम्ही देताय त्याच फाइलवरून उतरवा, कुठल्यातरी जुन्या नमुन्यावरून नको.

राहिला फॉन्टचा प्रश्न. व्हीबी ६ चे स्वतःचे कंट्रोल युनिकोड दाखवत नाहीत, म्हणून तुमचं सॉफ्टवेअर बहुधा श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टवर उभं असणार. फॉन्ट म्हणजे कॉमचा घटक नव्हे, मॅनिफेस्टचा त्याच्याशी संबंध नाही. पण इथेही ऍडमिन टाळता येतो. ‘ॲड-फॉन्ट-रिसोर्स-एक्स’ या विंडोज एपीआयला फॉन्ट फाइलचा मार्ग आणि ‘एफआर-प्रायव्हेट’ ही खूण, म्हणजे १६, द्या. तो फॉन्ट तुमच्या प्रोसेसपुरता उपलब्ध होतो, बाकी कुणाला दिसत नाही, प्रोग्राम बंद झाला की जातो. पहिला फॉर्म लोड व्हायच्या आधी, सब-मेनमध्ये (प्रोग्राम जिथून सुरू होतो तिथे) बोलवा. फॉर्म लोड झाल्यावर बोलावलंत तर तोवर व्हीबीने दुसराच फॉन्ट पकडलेला असतो, आणि ‘शेतकऱ्याचे नाव’ च्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. फॉन्टचा परवाना असा सोबत द्यायची मुभा देतो का, तेवढं वाचून घ्या.